सी हॅरियर जिंकले कसे, आणि विमान नेमके पडते कुठे

तुमचे प्रश्न तीन आहेत. १९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरून झालेल्या युद्धात ब्रिटिश नौदलाच्या सी हॅरियर या जहाजावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांनी अर्जेंटिनाची वीसेक विमाने पाडली आणि हवेतल्या लढाईत स्वतःचे एकही गमावले नाही. सी हॅरियर ध्वनीपेक्षा कमी वेगाचे, आणि समोरचे मिराज ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. मग हे घडले कसे? दुसरा प्रश्न, दोन्ही बाजूंचे ‘इतकी पाडली’चे आकडे कधीच का जुळत नाहीत? आणि तिसरा, आज शंभर किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सुटते, तर डॉगफाइट, म्हणजे विमानांची जवळून होणारी झुंज, उरली आहे का?

मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर हेच प्रश्न मला घरातही विचारले जातात. त्या चार दिवसांची कागदपत्रे अजून सरकारी कपाटांत बंद आहेत, म्हणून उत्तरासाठी मी मुद्दाम फॉकलंड घेतो. त्या युद्धाला चाळीस वर्षे उलटून गेली आहेत, दोन्हीकडचे वैमानिक बोललेले आहेत, दोन्हीकडच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात.

मी वैमानिक नाही. नौदलात मी फायटर कंट्रोलर होतो. जहाजाच्या पोटात, अंधाऱ्या ऑप्स रूममध्ये रडारच्या पडद्यासमोर बसून वैमानिकाला दिशा, उंची आणि अंतर सांगणारा माणूस. माझी उमेदीची वर्षे आयएनएस विराटवर गेली. विराट म्हणजेच ब्रिटिशांचे एचएमएस हर्मिस, फॉकलंडच्या मोहिमेतले ध्वजजहाज. मुंबईच्या गोदीत तीस वर्षे लोकांनी जे जहाज पाहिले त्याच्याच डेकवरून त्या युद्धातली अर्ध्याहून जास्त सी हॅरियर उडाली होती. आणि दाबोळीला आयएनएस हंसावर १९८३ ते २०१६ पर्यंत आपली सी हॅरियर होती. त्यामुळे फॉकलंड आमच्यासाठी लांबचे युद्ध नव्हते. त्यातली प्रत्येक चूक आम्ही आमच्याच जहाजावरची समजून शिकलो.

आधी भूगोल. तो कळला की पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

अर्जेंटिनाची लढाऊ विमाने रिओ ग्रांदे, रिओ गायेगोस अशा मुख्य भूमीवरच्या तळांवरून उडत होती. तिथून बेटे सुमारे सातशे किलोमीटर किंवा त्याहून लांब, आणि मधे नुसते थंड पाणी. बेटांची राजधानी पोर्ट स्टॅन्ली, तिथली धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची. भरलेल्या मिराजला किंवा स्कायहॉक या बाँबफेकी जेटला ती पुरेशी नव्हती, आणि ताबा मिळाल्यावर अर्जेंटिनाने ती वाढवली नाही. माझ्या मते युद्धातली त्यांची सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. मिराज आणि डॅगर (मिराजचाच इस्रायली बनावटीचा भाऊ) या दोघांनाही हवेत इंधन घेता येत नव्हते. स्कायहॉकना येत होते, पण टँकर विमाने अख्ख्या हवाई दलात दोनच.

आता मिराजच्या वैमानिकाच्या जागी बसून बघा. तो बेटांवर पोचतो तेव्हा परतीचे इंधन बाजूला काढून त्याच्या हातात काही मिनिटे उरलेली असतात. ध्वनीच्या दुप्पट वेग हवा तर आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या शेपटाशी जादा इंधन जाळणारी सोय, पेटवायला हवा, आणि तो पेटवला की इंधन कित्येक पटींनी जळते. म्हणजे ज्या वेगाचा कागदावर एवढा दबदबा, तो वापरला तर घरी पोचता येत नाही. न वापरता समुद्रालगत उडत राहिले तर मिराज आणि सी हॅरियर यांच्या वेगात फारसा फरक उरत नाही. त्या सातशे किलोमीटरनी मिराजला हॅरियरच्या पातळीवर आणून ठेवले होते.

१ मे १९८२ च्या दिवशी हे अगदी स्वच्छ दिसले. त्या पहाटे दूरच्या असेन्शन बेटावरून आलेल्या एका व्हल्कन या ब्रिटिश बाँबफेकी विमानाने स्टॅन्लीच्या धावपट्टीवर २१ बाँब टाकले होते, त्यांतला एक पट्टीवर पडला. मग दिवसभर मिराज येत राहिले, पण ते उंचावरच थांबत. वर विरळ हवेत त्यांचे विमान सरस. सी हॅरियर मधल्या उंचीवर, जिथे हॅरियर चांगले वळते. दोघेही एकमेकांना बोलावत होते आणि दोघेही दुसऱ्याच्या उंचीवर जायला तयार नव्हते. ज्याने कधी कंट्रोलरची खुर्ची सांभाळली आहे त्याला तो ताण कळेल. पडद्यावर ठिपके समोरासमोर येतात, वळतात, परत जातात, आणि दर खेपेला दोन्हीकडचे इंधन कमी होत जाते.

संध्याकाळकडे दोन मिराज खाली उतरले. इन्व्हिन्सिबल या ब्रिटिशांच्या दुसऱ्या विमानवाहू जहाजाच्या दोन सी हॅरियरशी त्यांची गाठ पडली. पॉल बार्टन याने कार्लोस पेरोनाच्या मिराजमागे जाऊन साइडवाइंडर हे उष्णतेचा माग काढणारे क्षेपणास्त्र डागले, विमान फुटले, पेरोना पॅराशूटने वाचला. दुसऱ्या मिराजमध्ये गुस्ताव्हो गार्सिया क्वेर्वा होता. स्टीव्ह थॉमसचे क्षेपणास्त्र त्याच्या जवळ फुटले. विमान उडत राहिले, पण इंधन गळू लागले आणि घर आवाक्याबाहेर गेले. त्याने स्टॅन्लीच्या त्या आखूड पट्टीवर उतरायचे ठरवले. दिवसभर बाँब खाऊन बसलेल्या तिथल्या तोफखान्याने येणारे जेट पाहिले आणि गोळीबार केला. गार्सिया क्वेर्वा आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी मेला.

दुसऱ्या प्रश्नाकडे आपण येऊच, पण हे आत्ताच मनात ठेवा. हे विमान कोणाच्या खात्यावर मांडायचे? थॉमसच्या की स्टॅन्लीच्या तोफखान्याच्या?

त्याच दिवशी हर्मिसच्या एका सी हॅरियरने होसे आर्दिलेसचे डॅगर पाडले. हा होसे म्हणजे तेव्हा इंग्लंडच्या टॉटनम क्लबच्या फुटबॉलपटू ओसी आर्दिलेसचा चुलतभाऊ. युद्ध कुठल्या घरात कसे शिरते, याचा विचार मी हे नाव वाचतो तेव्हा दर वेळी करतो.

त्या दिवसानंतर मिराज हवेतल्या लढाईसाठी पुन्हा गंभीरपणे आलेच नाहीत. व्हल्कन मुख्य भूमीवरही येऊ शकेल या धास्तीने ते तिकडच्या रक्षणाला राखून ठेवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पुढच्या दीड महिन्यात हॅरियरसमोर जे आले ते बाँब लादलेले, लढाई टाळू बघणारे डॅगर आणि स्कायहॉक. ‘२० विरुद्ध शून्य’ हा आकडा वाचताना हे ध्यानात हवे. ती बरोबरीच्या दोन शिकाऱ्यांची झुंज नव्हती. बाँब टाकायला आलेल्या माणसाचा बाँब टाकण्याआधी किंवा टाकून पळताना केलेला पाठलाग होता.

आता साइडवाइंडर. ब्रिटिशांना अमेरिकेने ‘एल’ जातीची साइडवाइंडर दिली होती, आणि ‘समोरूनही लागणारे क्षेपणास्त्र’ म्हणून तिची कीर्ती आहे. प्रत्यक्षात फॉकलंडमधले जवळजवळ सगळे नेम मागून धरलेले होते. हॅरियरचे इंजिनाचा झोत सोडणारे नळे हवेतच फिरवून एकदम ब्रेक मारण्याची जी युक्ती चित्रांत दिसते, तीही तिथे लढाईत वापरली गेली नाही. फरक क्षेपणास्त्राच्या भरवशाचा होता. व्हिएतनाममध्ये साइडवाइंडर पाचांतले एखादे लागायचे, मोठे स्पॅरो तर दहांतले एखादे. इथे डागलेल्यांतली बहुतेक लागली. डोळ्यासमोर असलेल्या, वळायला इंधन नसलेल्या लक्ष्यावर मागून डागले तर लागणारच.

आणि वैमानिकांची तालीम. अमेरिकेच्या नौदलाने व्हिएतनाममधल्या अपयशानंतर १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला खास लढाईची शाळा काढली होती, आणि ‘आपल्यासारख्या नव्हे, वेगळ्या विमानाशी लढून बघा’ ही शिकवण तिथून सगळीकडे पसरली. सी हॅरियरवाले शांततेच्या काळात युरोपातल्या जास्त वेगवान विमानांशी सराव करून आले होते. मिराज पहिल्यांदा दिसले तेव्हा ते त्यांना परके नव्हते.

माझ्या धंद्याची गोष्ट इथून सुरू होते, म्हणून जरा थांबतो.

ब्रिटिशांकडे उडते रडार नव्हते. पूर्वी त्यांच्या मोठ्या विमानवाहू जहाजावरून गॅनेट नावाचे रडारविमान उडायचे. १९७८ मध्ये ते जहाज गेले आणि त्याबरोबर गॅनेटही गेले. जहाजावरचे रडार कितीही चांगले असो, पृथ्वी गोल आहे. पंधरा मीटर उंचीवरून येणारे विमान क्षितिजाआडून अगदी जवळ आल्यावरच दिसते. ४ मेला अर्जेंटिनाची सुपर एतांदार विमाने अशीच खालून आली, क्षणभर वर उठली, एक्सोसे हे जहाजवेधी क्षेपणास्त्र सोडले आणि वळली. एचएमएस शेफील्ड हे ब्रिटिश जहाज पेटले. ते जहाज वाचले नाही. युद्ध संपता संपता ब्रिटिशांनी घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरला रडार जोडले, पण तोवर उशीर झाला होता. आपल्या नौदलाने पुढे कामोव्ह-३१ ही रडारवाली हेलिकॉप्टरे घेतली त्यामागे हाच धडा आहे. विराटवर मी अशा सरावांना बसलो आहे ज्यात ‘शत्रू’ विमान पडद्यावर उमटले तेव्हा त्याच्या बाँबची वेळ झालेली होती. कंट्रोलरच्या पोटात तेव्हा जो खड्डा पडतो तो सरावातही खराच असतो.

एक्सोसेच्या भीतीने विमानवाहू जहाजे बेटांपासून लांब पूर्वेला ठेवली गेली. योग्य निर्णय होता, पण त्याची किंमत हॅरियरच्या वैमानिकांनी भरली. दीड तासाच्या फेरीत बेटांवरच्या गस्तीला, ज्याला आम्ही ‘कॅप’ म्हणतो, दहा-वीस मिनिटे उरायची. म्हणजे इंधनाची अडचण फक्त अर्जेंटिनाची नव्हती. दोन्ही बाजू काही मिनिटे हातात घेऊन बेटांवर येत होत्या. कोणाची मिनिटे कधी सुरू होतात, हे जुळवणे म्हणजे कंट्रोलरचे काम. २१ मेला बेटांवरच्या सॅन कार्लोसच्या आखातात ब्रिटिश सैन्य उतरले त्या दिवशी आणि नंतरही, फ्रिगेटवरच्या कंट्रोलरांनी कॅप बरोबर त्या दऱ्यांच्या तोंडाशी उभी केली जिथून स्कायहॉक यायचे किंवा निघायचे. सी हॅरियरचे बरेच बळी हे अशा जुळलेल्या मिनिटांचे आहेत.

एका गोष्टीसाठी मला समोरच्या बाजूला सलाम करावासा वाटतो. स्टॅन्लीला अर्जेंटिनाच्या हवाई दलाचे एक मोठे अमेरिकी बनावटीचे रडार होते. तिथली माणसे रोज बघत राहिली की सी हॅरियर पडद्यावर कुठे उमटतात आणि परत जाताना कुठे दिसेनासे होतात. त्या टोकांच्या रेषा जोडून त्यांनी विमानवाहू जहाजांच्या जागेचा अंदाज काढला. ब्रिटिशांनी ते रडार मोडण्यासाठी व्हल्कनवरून रडारवेधी क्षेपणास्त्रे आणली, तरी ते लवकरच पुन्हा चालू झाले. बाँब पडत असताना खुर्ची न सोडता ठिपक्यांच्या नोंदी करणाऱ्या त्या माणसांचे काम आमच्या धंद्यात आदर्श मानावे असे आहे.

कंट्रोलरचा निर्णय किती महाग पडू शकतो, हे २५ मेला कळले. एचएमएस कॉव्हेंट्री आणि ब्रॉडस्वर्ड ही दोन जहाजे पेबल बेटाच्या उत्तरेला मुद्दाम पुढे उभी होती. कॉव्हेंट्रीकडे लांब पल्ल्याचे सी डार्ट क्षेपणास्त्र, ब्रॉडस्वर्डकडे जवळच्या पल्ल्याचे सी वुल्फ, आणि वर सी हॅरियरची कॅप. सकाळपासून कॉव्हेंट्रीने विमाने पाडलीही होती. दुपारी स्कायहॉकच्या दोन जोड्या आल्या. हॅरियर त्यांच्यामागे झेपावत होते, तेव्हा त्यांना बाजूला व्हायला सांगितले गेले, कारण आपलेच क्षेपणास्त्र आपल्याच विमानाला लागू नये. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. पण जमिनीच्या पार्श्वभूमीवर खालून येणारी विमाने सी डार्टच्या रडारला धरता आली नाहीत. सी वुल्फने दुसरी जोडी धरली, तेवढ्यात बचावासाठी वळणारे कॉव्हेंट्री नेमके ब्रॉडस्वर्डच्या निशाण्याच्या रेषेत आले. तीन बाँब लागले. सुमारे वीस मिनिटांत जहाज उलटले. १९ माणसे गेली.

हा प्रसंग आम्हाला प्रशिक्षणात शिकवला गेला, आणि पुढे मीही तो शिकवला. ‘हॅरियरना जाऊ द्यायला हवे होते का?’ यावर वर्गात कधीच एकमत झाले नाही. माझे मत विचाराल तर, त्या खुर्चीत त्या क्षणी मीही त्यांना बाजूलाच काढले असते. आजही रात्री कधी हे आठवले की मी तेच उत्तर देतो, आणि त्याने बरे वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न, आकड्यांचा.

ब्रिटिशांनी सहा सी हॅरियर गमावली. त्यांतली शत्रूने पाडलेली दोन, आणि दोन्ही जमिनीवरून. ४ मेला गूस ग्रीन इथल्या अर्जेंटिनाच्या धावपट्टीवर निक टेलरचे विमान रडारने चालणाऱ्या तोफांनी पाडले, तो जागीच गेला. १ जूनला इयन मॉर्टिमरचे विमान रोलांड क्षेपणास्त्राने पाडले, तो कित्येक तास रबरी होडीत काढून वाचला. उरलेली चार अपघातांत गेली. ६ मेला खराब हवेत दोन विमाने एकाच वेळी नाहीशी झाली, बहुधा एकमेकांवर आदळून. एक रात्री हर्मिसवरून उडताच समुद्रात गेले. एक जहाज वळत असताना ओल्या डेकवरून घसरून पाण्यात पडले. ब्रिटिश हवाई दलाची जी हॅरियर जमिनीवरच्या हल्ल्यांसाठी आली होती, त्यांतली चार गेली. तीन जमिनीवरच्या माऱ्याने, एक उतरताना.

म्हणजे दहांतले एकही हवेतल्या लढाईत गेले नाही, पण पाच अपघातांत गेली. आपल्याकडचा हिशोबही पाहा. आपल्या नौदलाने तीसेक सी हॅरियर घेतली, आणि तेहतीस वर्षांत त्यांतली निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, शत्रूच्या हातून एकही नाही. त्यांतल्या काहींच्या कॉकपिटमध्ये मी ज्यांच्याशी रेडिओवर बोललो होतो ती माणसे होती. युद्धाच्या बातम्यांत ‘अपघात’ हा रकाना कोणी वाचत नाही, पण विमाने कुठे जातात याचे उत्तर त्या रकान्यात बरेच असते.

अर्जेंटिनाकडे बघा. त्यांची सगळी मिळून शंभराच्या आसपास विमाने आणि हेलिकॉप्टरे गेली. त्यांत हवेत पडलेली आहेत, जहाजांच्या क्षेपणास्त्रांनी आणि तोफांनी पाडलेली आहेत, जमिनीवर उभी असताना नष्ट झालेली आणि शरणागतीनंतर हाती लागलेलीही आहेत. १४ मेच्या रात्री पेबल बेटाच्या गवती धावपट्टीवर ब्रिटिश कमांडोंची एक तुकडी उतरली आणि तिने हातांनी लावलेल्या स्फोटकांनी ११ विमाने निकामी केली. सी हॅरियरनी अख्ख्या युद्धात वीसेक पाडली, आणि चाळीस-पंचेचाळीस माणसांनी एका रात्रीत अकरा. त्या रात्रीची चर्चा मात्र कोणी करत नाही, कारण त्यात डॉगफाइट नाही.

मग आकडे का जुळत नाहीत? युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने जो अहवाल काढला, त्यात जमिनीवरच्या रॅपियर क्षेपणास्त्रांच्या नावे १४ विमाने नक्की पाडल्याची नोंद होती. नंतर अभ्यासकांनी अर्जेंटिनाच्या प्रत्येक विमानाचा क्रमांक, वैमानिक आणि तारीख घेऊन पडताळणी केली, तेव्हा रॅपियरची म्हणता येतील अशी विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. कोणी खोटे बोलले होते असे नाही. सॅन कार्लोसच्या आखातात एकच स्कायहॉक पाच जहाजांसमोरून जायचे. पाचही जहाजांवरचे तोफची त्यावर गोळ्या झाडायचे, वर रॅपियरही सुटायचे, विमान धूर सोडत डोंगराआड जायचे. सहा जणांनी मनापासून सांगितलेले ‘मी पाडले’ हे एकाच विमानाबद्दल असायचे. आणि ते विमान कधी कधी घरीही पोचलेले असायचे.

आपल्या इतिहासात याची दोन उदाहरणे आहेत, आणि ती उलट्या दिशांची आहेत. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळच्या बोयऱ्यावर आपल्या चार नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठले. तीन पाडल्याचे आपण जाहीर केले. दोन खरोखर पडली, त्यांतला एक वैमानिक परवेझ मेहदी कुरेशी पकडला गेला आणि पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. तिसरे सेबर मात्र घायाळ होऊन ढाक्याला परतले होते. दुसरे उदाहरण १९६५ चे. ७ सप्टेंबरला सरगोध्यावरच्या हल्ल्यातून स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत, आणि आपल्याकडे एवढीच नोंद राहिली. आपल्या जुन्या मिस्टेअर विमानाने त्यांनी जाता जाता एक एफ-१०४ स्टारफायटर पाडले होते, हे पुढे पाकिस्तानच्या बाजूच्या माहितीवरून उमगले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र १९८८ मध्ये दिले गेले, तेवीस वर्षांनी. बोयऱ्याला जास्त मोजले गेले आणि सरगोध्याला मोजायचेच राहिले, कारण पाडणारा सांगायला परतला नाही.

आपल्याच माणसाने पाडलेल्यांचा रकाना सगळ्यात उशिरा भरला जातो. ६ जून १९८२ च्या रात्री एचएमएस कार्डिफने एक ठिपका शत्रूचा समजून सी डार्ट सोडले. ते ब्रिटिश सैन्याचे गॅझेल हेलिकॉप्टर होते, चार माणसे गेली. सरकारने हे मान्य केले ते १९८६ मध्ये. आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामला आपलेच क्षेपणास्त्र आपल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरला लागले. हवाई दलाचे सहा जण, त्यांत नाशिकचा एक तरुण स्क्वाड्रन लीडर, आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही मोठी चूक होती असे उघड सांगितले. ते सांगणे सोपे नव्हते, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पडद्यावर ‘आपला की परका’ हे ठरवायला कंट्रोलरला काही सेकंद असतात. सगळी विमाने वर असतात, रेडिओवर चार आवाज एकदम येत असतात, आणि एक ठिपका उत्तर देत नाही. या क्षणाबद्दल मी वर्गात जितके बोललो तितके इतर कशाबद्दलही नाही.

तिसरा प्रश्न राहिला, आजचा. याला मी थोडक्यातच उत्तर देतो, कारण नवी यंत्रे मी चालवलेली नाहीत.

जवळची लढाई कमी झाली आहे, हे खरे. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिका आणि तिच्या मित्रांनी हवेत पाडलेल्या चाळीसेक विमानांपैकी बरीच नजरेच्या टप्प्याबाहेरून पाडली गेली, आणि ते शक्य झाले कारण वर उडत्या रडारविमानांतून कंट्रोलर सगळे चित्र पाहत होते. हेच इस्रायलने जून १९८२ मध्ये, फॉकलंड अजून चालू असतानाच, लेबनॉनच्या बेका खोऱ्यात केले होते. आधी सीरियाच्या क्षेपणास्त्रतळांचा निकाल लावला, मग सीरियन वैमानिकांचा कंट्रोलरशी रेडिओसंपर्क तोडला, आणि मग आंधळी झालेली विमाने पाडली. सीरियाची ऐंशीएक विमाने काही दिवसांत गेली. त्या वैमानिकांच्या शौर्यात मला कमी दिसत नाही. त्यांच्या कानात बोलणारा आवाज बंद केला गेला होता.

पण लांबचा पल्ला आला म्हणून जवळचे संपत नाही. २०१७ मध्ये सीरियावर अमेरिकी सुपर हॉर्नेटने एक जुने सुखोई-२२ पाडले, तेव्हा पहिले नवेकोरे साइडवाइंडर चुकलेच, दुसऱ्या क्षेपणास्त्राने काम झाले. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची विमाने जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांच्या धाकाने मागे राहून लढली आहेत, आणि समोर गेलेली बहुतेक जमिनीवरूनच पडली. १९८२ मध्ये गूस ग्रीनला टेलर पडला त्याच कारणाने. शंभर किलोमीटरच्या क्षेपणास्त्रालाही शेवटी मोजकेच इंधन असते. लक्ष्य वेळेत वळून पळाले तर ते क्षेपणास्त्र थकते आणि पडते. म्हणून आजचा कंट्रोलरही वैमानिकाला मुळात तेच सांगतो जे मी सांगत होतो: आता पुढे जा, आता वळ, आता तुझ्याकडे परत यायला पुरेसे उरले आहे.

जाता जाता सी हॅरियरच्या त्या युद्धातल्या शेवटच्या विजयाबद्दल सांगून थांबतो. ८ जूनची संध्याकाळ. दुपारी ब्लफ कोव्हजवळ फिट्झरॉयला सर गॅलहॅड या ब्रिटिश जहाजावर बाँब पडून फार माणसे गेली होती. अंधार पडायला आला असताना हर्मिसची दोन सी हॅरियर कॅपवर होती, डेव्ह मॉर्गन आणि डेव्ह स्मिथ. खाली सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका छोट्या ब्रिटिश बोटीवर चार स्कायहॉक तुटून पडताना मॉर्गनला दिसले. पहिल्या विमानाचा बाँब बोटीवर पडला. मॉर्गन वरून सूर मारून आला, एक साइडवाइंडर, एक स्कायहॉक. दुसरे साइडवाइंडर, दुसरे स्कायहॉक. मग समोरच्या काचेवरचा निशाणाच गायब झाला, तरी त्याने तिसऱ्यावर अंदाजाने तोफ चालवली. पाण्यावर उडालेल्या त्या गोळ्यांच्या फवाऱ्यांवरून स्मिथला ते विमान कळले आणि त्याने आपले क्षेपणास्त्र सोडले. तीन वैमानिक गेले.

चौथा, हेक्टर सांचेस, निसटला. त्याच्या टाकीत घरी पोचण्याएवढे उरले नव्हते. तो टँकरकडे निघाला आणि वेळेत त्याला जाऊन भिडला. त्याच वेळी मॉर्गन आणि स्मिथ काळोखात हर्मिसकडे परतत होते, काटा तळाला टेकलेला. दोन्ही बाजूंची ही माणसे त्या रात्री उतरली. काही वर्षांनी मॉर्गन आणि सांचेस एकमेकांना भेटले आणि त्यांची मैत्री झाली.